पाठीकडची बाजू

पेच शहराच्या रविवारच्या बाजारात
एटेल्का उजाडायच्या आत पोचते,
म्हणजे मलाही पोचावं लागतं.
माझ्या खिशात सुतळी, तिला तीन गाठी:
एक जिन्याच्या वळणाची, एक आमच्या दाराची,
एक खिडकी आणि हीटरच्या मधल्या भिंतीची.
मापात पाप नको, एवढंच माझं काम.
निवड तिची.

हवंय काचेचं कपाट. अकरा कपांसाठी.

तिची आई कारखान्यात कपांवर फुलं रंगवायची
आणि भट्टीतून जे बिघडून निघे ते घरी आणायची.
कुठे निळ्याचा ओघळ, कुठे कान वाकडा,
एकावर तर तिच्याच अंगठ्याचा ठसा,
झिलईखाली कायमचा.
चाळीस वर्षं ते पलंगाखाली, वर्तमानपत्रांत गुंडाळलेले.
आम्ही कॉफी प्यायलो जाड पेल्यांतून.

पहिलं कपाट चेरीच्या लाकडाचं, मधाच्या रंगाचं.
"दीडशे वर्षांचं आहे, बाई."
एटेल्कानं खण बाहेर ओढला, उलटा केला,
सांध्यांचे दात पाहिले. सगळे एकसारखे, यंत्राचे.
"तुझा म्हातारा घोडा," ती म्हणाली, "शिंगरू आहे."

दुसरं सरकत्या काचांचं, साठच्या दशकातलं.
माझ्या काकूकडे होतं तसं, त्यात फक्त औषधं असायची.
मला आवडलं. हलकं होतं.
मी काही बोललो नाही, तरी ती म्हणाली, "नाही."

तिसऱ्यावर तिनं मडक्यासारखी टिचकी मारली,
मग वाकून खालची जमीन पाहिली:
पिठासारखा भुस्सा, ताजा.
"यात भाडेकरू आहेत."

चौथं सेरेनच्या ट्रकमागे, अर्धं घोंगडीत.
अक्रोडाचं, उभं, जरासं एका अंगाला कललेलं.
पाच काचा जुन्या,
त्यांतून बाजार पाण्याखाली असल्यासारखा हलत होता;
सहावी नवी, तिच्यातून माणसं सरळ चालत होती.
आत पाठीला आरसा, कडेनं पारा उडालेला.
"आरसा काढून मखमल लावून देते," सेरेन म्हणाली.

एटेल्कानं पिशवीतून कप काढला.
ठशाचा होता. तोच आणलाय, हे मला माहीत नव्हतं.
फळीवर ठेवला, सवयीनं
डाग भिंतीकडे करून.

आरशात अंगठा दिसला.

तिनं कप डावीकडे सरकवला. दिसला.
वरच्या फळीवर ठेवला. तिथंही.
बराच वेळ ती तशीच उभी.
मागे कुणीतरी तळलेल्या लांगोशवर लसूण चोळत होतं,
सेरेननं दोन सिगारेटी संपवल्या.
"राहू दे आरसा," एटेल्का म्हणाली.

किल्ली होती, पण फिरत नव्हती.
त्याचे पाच हजार फोरिंट कमी झाले.
मी सुतळी लावली.
दुसऱ्या गाठीशी दोन बोटं कमी.
तेवीस वर्षं मी युरेनियमच्या खाणीत पाळी केली,
दोन बोटं म्हणजे काय, ते मला कळतं.
"बसेल," मी म्हणालो.

नाही बसलं.
उरानवारोशमधल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
लोरिंत्सनं पेचकस आणला,
आम्ही घराचंच दार बिजागऱ्यांवरून उतरवलं,
जिन्याच्या कठड्याला टेकवलं,
चौकटीची पट्टीही काढली, तेव्हा कुठे कपाट आत गेलं.
"तुझी सुतळी आखडली वाटतं," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

रात्र झाली, दार तसंच बाहेर.
येणारा-जाणारा प्रत्येकजण थबकून आत बघायचा,
चौथ्या मजल्यावरची विल्मा तर चक्क दोनदा खाली आली.
एटेल्कानं सगळे कप धुतले,
पुसले,
आणि फळीवर न ठेवता टेबलावर मांडले.
"कॉफी घेणार?" तिनं जिन्याला विचारलं.

सातजण आले. खुर्च्या चारच.
ठशाचा कप लोरिंत्सला गेला;
त्यानं धरला, नकळत अंगठा नेमका तिथंच ठेवून,
आणि म्हणाला, साखर कमी आहे.